ओढ्याच्या पाण्यावर उजळलेले घर

बटण दाबले की दिवा लागतो, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. पण १८८० साली इंग्लंडमधील श्रीमंतांच्या घरांतही तेलाचे, नाहीतर कोळशाच्या वायूचे दिवे जळत आणि काजळीने छत व चित्रे काळवंडत. त्या वर्षीच्या डिसेंबरात, नॉर्थंबरलंड परगण्यातील एका घरात धूर नसलेले दिवे लागले. त्यांना वीज मिळत होती जवळच्या ओढ्यापासून! ते घर म्हणजे क्रॅगसाइड.

घराचे मालक विल्यम आर्मस्ट्राँग (१८१०–१९००) हे मूळचे वकील. ओढा मात्र यंत्रांकडे. न्यूकॅसल येथे त्यांनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्यांचा कारखाना काढला. पुढे तेथे तोफाही होऊ लागल्या आणि त्यांतून त्यांना मोठी संपत्ती मिळाली. १८६३ साली ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी इशारा दिला, की आपण कोळसा उधळीत आहोत. तो काही कायमचा पुरणार नाही.

त्याच सुमारास खडकाळ उतारावर त्यांनी सुटीत राहण्यासाठी एक लहानसे घर बांधावयास घेतले. १८६९पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे वास्तुतज्ज्ञ रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी ते वाढवीत नेले. उंच धुराडी, उतरती छपरे, दर्शनी भिंतींवर लाकडी चौकटी, असा त्याचा थाट जुन्या इंग्लिश वाड्याचा आहे. आत मात्र सारे नवे! घरातला पाळणा पाण्याच्या दाबाने वर-खाली होई. स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळईदेखील पाणीच फिरवी.

विजेचे दिवे बनवणारे जोसेफ स्वान हे आर्मस्ट्राँग यांचे परिचित. निर्वात काचगोळ्यात कर्बाचा बारीक तंतू, असा त्यांचा दिवा होता. ओढ्याचे अडवलेले पाणी २९ फुटांवरून टर्बाइनवर सोडले जाई. त्यातून ६ अश्वशक्ती मिळे व जनित्र फिरे. ही शक्ती सुमारे ४,५०० वॅट भरते. आता गणित करू या. २९ फूट म्हणजे ८·८ मीटर. १ लिटर पाणी एवढे खाली आले, की सुमारे ८६ जूल ऊर्जा मिळते. ४,५०० ला ८६ ने भागा. म्हणजे दर सेकंदाला निदान ५२ लिटर पाणी हवे.

खरी अडचण होती अंतराची. जनित्र घरापासून १,५०० यार्डांवर; जाण्या-येण्याची तार धरून ३,००० यार्ड. आर्मस्ट्राँग यांनी सुमारे साडेसात मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरली. तिचा रोध साधारण १ ओहम येतो. समजा, प्रवाह ३० अँपिअर आहे. मग प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ९०० वॅट तारेतच उष्णता होऊन जातील. तार निम्म्या जाडीची घेतली असती तर? छेदाचे क्षेत्रफळ चौथाई, म्हणून रोध ४ ओहम आणि नुकसान ३,६०० वॅट! दिव्यांसाठी फारसे काही उरले नसते. तांब्यावर एवढा खर्च का केला, ते यावरून ध्यानात येईल.

ग्रंथालयातील काही दिवे तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. बैठकीच्या मध्यभागी पाऱ्याची लहानशी वाटी असे. फुलदाणी ठेवली, की तारेचे टोक पाऱ्यात बुडून मंडल पूर्ण होई आणि दिवा लागे. उचलली, की तो विझे. घरात एकूण ४५ दिवे होते. एका वेळी त्यांपैकी ३७ लागत.

१९७७ साली हे घर नॅशनल ट्रस्टकडे आले. २०१४ साली तेथे आर्किमिडीजच्या स्क्रूच्या धर्तीचे, सुमारे १२ किलोवॅटचे नवे जलविद्युत यंत्र बसवण्यात आले. पाणी वर चढवण्यासाठी ठाऊक असलेला हा स्क्रू येथे उलट काम करतो: पाणी त्यातून खाली उतरते आणि तो फिरतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गावाजवळ ओढा किंवा पाट असेल, तर शिक्षकांना बरोबर घेऊन पाणी किती उंचीवरून पडते ते मोजा. दर सेकंदाला किती लिटर पाणी वाहते याचा अंदाज घ्या. लिटर, मीटर आणि ९·८ यांचा गुणाकार केलात, की वॅट मिळतील. त्यावर किती घरे उजळतील, ते पाहा.