रात्रपाळीतला जंत आणि दहा मिनिटांची पट्टी

खापरखेड्याला रात्रपाळी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. 1340 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आणि आसपासच्या कोळसा खाणी. रात्री डबा घेऊन निघणारा माणूस इथल्या किती तरी घरांत आहे. नागपूरसह पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेला एक जंतही रात्रीच कामाला लागतो. शास्त्रीय नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. लोक त्याला ओळखतात ते त्याने दिलेल्या दुखण्यावरून : हत्तीपाय.

प्रौढ जंत माणसाच्या लसिकावाहिन्यांत दोऱ्यासारखे गुंतून वर्षानुवर्षे जगतात. मादी लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. दिवसा ही पिल्ले फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावण्याच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात उतरतात. हा डास वाढतो तुंबलेल्या गटारांत आणि उघड्या सेप्टिक टाक्यांत. माणसाच्या रक्तातली ही पिल्ले 1872 मध्ये टिमोथी लुईस यांनी कलकत्त्यात पाहिली. 1877 मध्ये चीनमधल्या आमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांना ती डासाच्या अंगात वाढताना दिसली.

शत्रू रात्री बाहेर पडतो, म्हणून शोधही रात्रीच घ्यावा लागे. हत्तीरोग पथकाचे कर्मचारी रात्री साडेआठनंतर, मध्यरात्रीपर्यंत, दारोदार फिरतात. बोट टोचायचे, काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब घ्यायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. 1955 मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा कणा हीच पद्धत होती. पण लेकरे झोपलेली असतात, पाळीवर गेलेला कामगार घरी सापडत नाही, आणि पिल्ले कमी असली तर एका थेंबात ती हाती लागत नाहीत.

मग जंताऐवजी त्याची खूण शोधली तर? या प्रश्नावर आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात मोठे काम झाले. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या जंताची प्रथिने ओळखणाऱ्या रक्तचाचण्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. अमेरिकेत गॅरी वेल यांच्या गटाने याच दिशेने केलेल्या कामातून आधी कार्डाची चाचणी आली आणि 2013 च्या सुमारास ‘फायलेरिया टेस्ट स्ट्रिप’.

दिसायला ही गर्भचाचणीच्या पट्टीची बहीण. बोटातून 75 मायक्रोलिटर, म्हणजे मोठ्या थेंबाएवढे रक्त नळीने घ्यायचे आणि पट्टीच्या टोकाला सोडायचे. प्रौढ जंताचे प्रतिजन, म्हणजे त्याची ती खूण, रक्तात असेल तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेली प्रतिपिंडे त्याला चिकटतात. रक्तातला द्रव पुढे झिरपतो, वाटेत बसवलेली दुसरी प्रतिपिंडे ही जोडी अडवतात आणि तिथे गुलाबी रेघ उमटते. तिच्या शेजारची दुसरी रेघ चाचणी नीट चालल्याची साक्ष देते. निकाल बरोबर दहाव्या मिनिटाला वाचायचा. उशीर केला तर नसलेली रेघही दिसू शकते.

हे प्रतिजन दिवसरात्र रक्तात असते. म्हणूनच तपासणी मध्यरात्रीच्या ओट्यावरून भर दुपारच्या शाळेत येऊ शकली. सगळ्या वस्तीला औषध देण्याच्या फेऱ्या झाल्यावर रोगाचा प्रसार थांबला का, हे पाहण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी करतात. एवढ्या लहान लेकराच्या अंगात जंत सापडला, तर डास अलीकडेच रोग पसरवत होते हे उघड होते.

पट्टीला मर्यादाही आहेत. उपचारानंतर पिल्ले संपली तरी प्रतिजन बराच काळ रेंगाळते. पाय सुजलेल्या जुन्या रुग्णात अनेकदा जंत कधीच मेलेले असतात, तेव्हा प्रतिजनाची रेघ न उमटण्याची शक्यता असते. म्हणून रात्रीची काचपट्टी अजून निवृत्त झालेली नाही, आणि ती घेऊन अंधारात फिरणाऱ्या माणसांचे ऋणही फिटलेले नाही.

पट्टी रोग शोधते, बरा करत नाही. ते काम गोळ्यांचे. 2018-19 मध्ये देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तिहेरी मात्रा प्रथम दिली गेली, त्यांत नागपूर होते. भारताने हत्तीरोग दुरीकरणासाठी 2027 चे वर्ष ठरवले आहे. सुजलेला पाय पूर्ववत होणे कठीण. पण रोज साबणाने धुवून, कोरडा ठेवून त्याचे दुखणे आवरता येते, आणि याच रोगाने होणाऱ्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे. पुढच्या पिढीला मात्र हा रोग होऊच न देणे आपल्या हातात आहे.

तेव्हा शाळेत पथक आले तर लेकराचे बोट पुढे करा. आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या तर ‘मला काय झालंय?’ म्हणू नका. हा जंत वर्षानुवर्षे काहीही न दाखवता अंगात राहतो. जेवून घ्या आणि गोळ्या त्यांच्यासमोरच गिळा.