मागाहून भेटलेला ब्योमकेश

रहस्यकथेविषयी एक समज आपल्याकडे फार रूढ आहे. तो असा की, तिचा प्राण रहस्यात असतो. ते एकदा फुटले की कथा संपली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजाराचे आणि काळ्या पहाडाचे पराक्रम वाचनालयातून आणून एका रात्रीत हातावेगळे करणाऱ्या, आणि सकाळी ते पुस्तक परत टाकून दुसरे घेऊन येणाऱ्या पिढीने हा समज प्रत्यक्ष आचरणातच आणला होता. गुन्हेगार कोण हे कळल्यावर तेच पुस्तक पुन्हा कोण उघडणार? हा तर्क वरवर पाहता बिनतोड दिसतो. तथापि तो खरा असता, तर दूरदर्शनने १९९३ साली दाखविलेली ‘ब्योमकेश बक्शी’ ही हिंदी मालिका केव्हाच विस्मृतीत गेली असती. तिची सारी रहस्ये फुटलेली आहेत. तिच्या मूळ बंगाली कथा तर मालिकेच्याही पूर्वी कित्येक वर्षे छापून झालेल्या होत्या. असे असूनही ती संपल्यावर पुष्कळ वर्षांनी तिला नवे चाहते लाभले, आणि त्यांचा जिव्हाळा पहिल्या प्रेक्षकांपेक्षा रतिभरही उणा नाही. हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. पुणेकरांना तर ते अधिकच जवळचे वाटावे. कारण या ब्योमकेशाच्या आयुष्याचा बराच मोठा भाग पुण्यात बसून लिहिला गेला. त्याविषयी पुढे ओघाने येईलच.

मालिकेचे दिग्दर्शक बासू चटर्जी. ‘रजनीगंधा’ या १९७४ सालच्या चित्रपटामुळे व दूरदर्शनवरील ‘रजनी’ या मालिकेमुळे मध्यमवर्गीय घरांना ते आपल्यातलेच वाटत. चित्रपटात येण्यापूर्वी मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात त्यांनी पुष्कळ वर्षे व्यंगचित्रे काढली होती, आणि चार रेघांत माणूस उभा करण्याची ती सवय त्यांच्या पुढील कामातही दिसते. ब्योमकेशाची भूमिका रजित कपूर यांनी केली, त्याचा मित्र व कथांचा निवेदक अजित म्हणून के. के. रैना उभे राहिले, आणि ब्योमकेशाची पत्नी सत्यवती झाली ती आपल्या मराठी रंगभूमीवरची सुकन्या कुलकर्णी. मालिका दोन खेपांत दाखविली गेली. पहिली खेप १९९३ साली व दुसरी १९९७ साली.

त्या काळी ती सर्वांनी पाहिली, असे मात्र नव्हे. पुण्यात दूरचित्रवाणी आली ती १९७३ साली, सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळे. त्यानंतर वीस वर्षांत नारायण पेठेतील बहुतेक बिऱ्हाडांत संच आले खरे, परंतु कार्यक्रम पाहावयाचा तर तो लागेल त्याच घटकेस पाहावयाचा, ही अट कायम होती. त्या घटकेस कोणी शिकवणीस गेलेला असे, कोणाकडे पाहुणे आलेले असत, कोणाची पाळी रात्रीची असे, आणि कित्येकदा ऐन वेळी वीज जाई. चुकलेला भाग तो चुकलाच. त्यातच १९९२ साली झी टीव्ही सुरू झाला व दूरदर्शनची मक्तेदारी ढळू लागली; ज्यांच्या घरी केबलची तार आली त्यांचे लक्ष दुसरीकडे वेधले गेले. ज्या घरांत वडीलधाऱ्यांनी ‘खुनाच्या गोष्टी मुलांनी पाहू नयेत’ असा दंडक घातला होता, तेथे तर प्रश्नच नव्हता. (हा दंडक घालणारे स्वतः दाराआडून पाहत नसतील असे नाही.) सारांश, मालिका गाजली ती जितकी पाहिल्याने, तितकीच ऐकल्याने.

मग आला २०२० चा मार्च महिना. साथीमुळे सर्वत्र टाळेबंदी झाली. लक्ष्मी रस्ता ओस पडला, लकडी पुलावर माणूस दिसेना, सकाळचे वर्तमानपत्रही काही दिवस दारात पडेनासे झाले. अशा वेळी २८ मार्चपासून दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. ‘रामायण’ व ‘महाभारत’ यांचा गवगवा झाला. परंतु सकाळी अकराच्या सुमारास ‘ब्योमकेश बक्शी’ लागे, तिची चर्चा घरांतल्या घरांत होत राहिली. पुष्कळ घरांत त्या वेळी तीन पिढ्या एका छपराखाली अडकून पडल्या होत्या. आजोबांनी ती अर्धीमुर्धी पाहिलेली, वडिलांची तर परीक्षेपायी हुकलेली, आणि नातवंडांना तिचे नावही ठाऊक नसलेले. त्याच उन्हाळ्यात, ४ जून २०२० रोजी, बासू चटर्जी मुंबईत निवर्तले. ज्यांना त्यांची ही कृती दोन महिन्यांपूर्वीच प्रथम उमगली होती, त्यांच्या पदरी ओळख व वियोग बरोबरच आले. मालिकेचे भाग पुढे यूट्यूबवरही सुलभ झाले, आणि अकराच्या ठोक्याचीही गरज उरली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रहस्य ठाऊक असलेली, किंवा शेजारच्याने फोडलेली कथा माणूस आवडीने का पाहतो? याचे उत्तर पहिल्याच भागात सापडते. त्या भागाचे नाव ‘सत्यान्वेषी’. कलकत्त्यातील एका खाणावळवजा बिऱ्हाडात, ज्याला तिकडे ‘मेस’ म्हणतात, तेथे काही एकटे पुरुष राहतात. वस्ती बदनाम आहे, आसपास खून होत आहेत. आणि एक दिवस एक अनोळखी तरुण खोली मागावयास येतो. पहिल्यांदा पाहणाराचे डोळे त्या तरुणावर खिळतात. दुसऱ्यांदा पाहणारा त्याच्याकडे पाहतच नाही. तो पाहतो इतरांच्या चेहऱ्यांकडे: कोण किती सहजपणे बोलतो, कोणाचा प्रश्न जरा अधिक चौकस आहे, चहाचा पेला खाली ठेवताना कोणाचा हात क्षणभर थबकतो. पहिल्या वेळी जे संभाषण केवळ वेळ काढणारे वाटले, तेच दुसऱ्या वेळी झुंज होऊन बसते. अपराध्याचे नाव येथे सांगणे शिष्टाचारास सोडून होईल; परंतु ते ठाऊक असलेल्या माणसाला हा भाग अधिक रंगतदार वाटतो, असे कोणत्याही जाणत्या प्रेक्षकास विचारून पाहावे.

दुसरे कारण असे की, यांतील कित्येक कथांत ‘कोणी केले’ हा मुख्य प्रश्नच नाही. ‘मकडी का रस’ या भागात एक आजारी म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे; त्याला एका विषारी मादक रसाचे व्यसन आहे; घरची माणसे डोळ्यांत तेल घालून पहारा करतात, तरी तो रस त्याच्यापर्यंत पोहोचतोच. व्यसन कोणाचे हे पहिल्या मिनिटासच कळते. कोड्याचा उलगडा चतुर आहे, पण मनात राहते ती त्या घरातील माणसांची दमछाक: ज्याची सेवा करावयाची त्याच्याशीच लढावयाचे, ही स्थिती. आजारी माणूस घरात असलेल्या कोणालाही ती समजते, मग रसाचे रहस्य कळलेले असो वा नसो.

‘रास्ते का काँटा’ या भागाची गंमत निराळी. त्यात कलकत्त्याच्या रस्त्यांवर चालती-बोलती माणसे एकाएकी कोसळतात, आणि त्यांच्या छातीत सापडते ती ग्रामोफोनची पिन. १९३२ सालच्या बंगाली वाचकाला ही वस्तू घरातली होती. २०२० सालच्या शाळकरी मुलाला ती ठाऊकच नाही. मग भाग चालू असतानाच आजोबांनी उठून हाताने दाखवावयाचे, की तबकडी अशी फिरे, सुई अशी टेकविली जाई, आणि ती बोथट झाली की बदलावी लागे. त्या काळच्या प्रेक्षकाला जे सांगावे लागत नव्हते, ते उशिरा आलेल्यास सांगावे लागते. आणि या सांगण्यातच कित्येक घरांतील अबोला सुटला असेल.

उशिरा येण्याचा आणखी एक लाभ मराठी घरांना विशेष आहे. १९९९ पासून ‘आभाळमाया’ या मालिकेतील सुधा जोशी म्हणून सुकन्या कुलकर्णी घरोघरी ओळखीच्या झाल्या. ज्यांनी ‘आभाळमाया’ आधी पाहिली व ब्योमकेश मागाहून, त्यांना सत्यवतीच्या मुखावर ती पुढची सुधा अगोदरच दिसते. १९९३ च्या प्रेक्षकाला हे पाहणे शक्यच नव्हते.

परंतु सर्वात मोठे आकर्षण खुद्द ब्योमकेशाचे आहे. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द रुचत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवितो. शेरलॉक होम्सप्रमाणे तो एकटा, विक्षिप्त, समाजाबाहेरचा नाही. तो धोतर नेसतो, घरी बसून वर्तमानपत्रातील जाहिराती वाचतो, मित्राशी वाद घालतो. एका प्रकरणातच त्याला सत्यवती भेटते, लग्न होते, पुढे मूल होते, वय वाढते. भोवतालचा काळही थांबत नाही: ‘आदिम शत्रू’ या कथेत कलकत्त्याचे दंगे येतात आणि १५ ऑगस्ट १९४७ चा दिवसही येतो. कित्येकदा सत्य हाती लागल्यावर त्याचे काय करावे हा निर्णय त्याला स्वतःच घ्यावा लागतो, आणि तो दर वेळी कायद्याच्या पुस्तकातला नसतो. हा निर्णय पाहण्यासाठी माणूस पुन्हा येतो. रजित कपूर यांनी हे सारे आवाज न चढविता केले. मालिकेत उणिवा आहेत: नेपथ्य बेताचे आहे, रस्त्यावरची कलकत्त्याची गजबज फारशी दिसत नाही, आणि काही दीर्घ कथा थोड्या वेळात कोंबल्यामुळे शेवटी धावपळ होते. तथापि गजबज नसल्यामुळेच लक्ष बोलण्यावर राहते, हेही खरे.

मागाहून येणाराचे काही हुकतेही, ते नाकारण्यात अर्थ नाही. आठवडाभर थांबणे त्याच्या वाट्यास येत नाही. एकेका भागानंतर ओट्यावर, कचेरीत, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत ज्या पैजा लागत, त्या आता लागणार नाहीत. कारण कोणाला तरी उत्तर ठाऊक असतेच. एका बैठकीत पाच भाग पाहणाऱ्यास तर्क करावयास सवडच मिळत नाही. म्हणून ज्या घरांनी नियम केला की दिवसाला एकच भाग पाहावयाचा, आणि ठाऊक असणाऱ्याने तोंड मिटून बसावयाचे, त्यांना गोडी अधिक लागली असल्यास नवल नाही.

आता पुण्याविषयी. ब्योमकेशाचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९९ सालचा. १९३२ ते १९३६ या काळात त्यांनी ब्योमकेशाच्या दहा कथा लिहिल्या आणि लेखणी थांबविली. १९३८ साली ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहावयास मुंबईस आले. पंधरा वर्षे ब्योमकेश संपलेलाच होता. परंतु त्या पंधरा वर्षांत बंगालमध्ये जी मुले वाचती झाली, त्यांना तो मागाहून सापडला, आणि कलकत्त्यास गेलेल्या लेखकाला तरुण वाचक विचारू लागले की, पुढे का लिहीत नाही? कॉनन डॉयलने १८९३ साली होम्सचा अंत करून वाचकांच्या आग्रहापुढे दहा वर्षांनी त्याला परत आणले, तसाच हा प्रकार. मात्र येथे नायकाला मारण्याची वेळ आली नव्हती. ‘चित्रचोर’ या कथेने ब्योमकेश परतला. म्हणजे आज जे वीस-बावीस कथांचे उत्तरचरित्र उपलब्ध आहे, ते संपलेल्या गोष्टीवर मागाहून प्रेम करणाऱ्यांच्या हट्टाचे फळ आहे.

१९५२ साली शरदिंदूंनी चित्रपटाचा धंदा सोडला व ते पुण्यास येऊन राहिले. ब्योमकेशाच्या उत्तरकालातील कथा या वास्तव्यातल्या. येथेच त्यांनी शिवकालावर मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. त्यांतील मराठा पोराचे नाव सदाशिव. (नारायण पेठेच्या वाचकाने शेजारच्या पेठेचा यात संबंध जोडू नये.) ‘तुंगभद्रार तीरे’ या कादंबरीसाठी १९६७ साली त्यांना बंगालचा रवींद्र पुरस्कार मिळाला. ‘शैलरहस्य’ या कथेत तर ब्योमकेश थेट महाबळेश्वरी मुक्कामास येतो आणि तेथील हॉटेलातून अजितला पत्र लिहितो; कलकत्त्याच्या सत्यान्वेष्याला सह्याद्रीची थंडी झोंबते. १९७० साली शरदिंदु वारले. ‘विशुपालवध’ ही शेवटची ब्योमकेशकथा अर्ध्यावरच राहिली. खून झाला आहे, तपास सुरू झाला आहे, आणि पुढची पाने नाहीत.

ज्या घरी ही मालिका अद्याप पाहिलेली नाही, त्यांनी ‘सत्यान्वेषी’पासून आरंभ करावा, मग ‘रास्ते का काँटा’ व ‘मकडी का रस’ घ्यावे, आणि दंग्याच्या काळची ‘आदिम शत्रू’ मुलांना थोडी समज आल्यावर दाखवावी. ‘शैलरहस्य’ मात्र वाचावी. आणि शक्य तर महाबळेश्वरास जाताना, पसरणीचा घाट चढत असता.