बोरचा आकडा आणि सातपुड्यातली शिकार

आमच्या बोरगावहून सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे निघालं की सातपुड्याचा घाट लागतो. याच रांगेत, पचमढीला, कॅप्टन जेम्स फॉर्सिथने १८६२ मध्ये ‘बायसन लॉज’ बांधलं. बायसन म्हणजे आपला रानगवा. रायफलींवर त्याने पुस्तकही लिहिलं. डोंगरातल्या मोठ्या जनावरासाठी मोठा बोर, गोल गोळी नि भरपूर दारू, असं त्याचं मत.

मला वाटायचं, आकडा मोठा तर नळी मोठी. आहे उलटं! एक पौंड शिशाच्या सारख्या १४ गोळ्या झाल्या, त्यातली एक ज्या नळीत बसते ती १४ बोर. गोळी साधारण ३२ ग्रॅमची. १० बोर त्याहून मोठा, २० बोर लहान.

दाट झाडीत अंतराचा अंदाज चुकतो. तेव्हाची लांबट गोळी जड, संथ. लवकर खाली झुके. गोल गोळी जवळच्या टप्प्यात सरळ जाई. नेम हुकला तर जखमी गवा शिकाऱ्यावरच उलटे.

१९७२ च्या कायद्यानंतर शिकार थांबली. घरच्या जुन्या परवान्यावर ‘१२ बोर’ दिसलं, तर हा हिशेब आठवा.