बंपरवर ओरखडा उठलाय? घासायच्या आधी नख फिरवून बघा

कुरुंदवाड : उसाचा हंगाम लागला की शिरोळ तालुक्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. त्यात पौर्णिमा आली की नृसिंहवाडीला दर्शनाची गर्दी. समोरून भरलेली ट्रॉली आली की चारचाकी कडेला दाबावीच लागते. कधी बंपर कठड्याला घासतो, कधी आरशाचं कव्हर उसाच्या मोळीला, तर कधी दाराची रंगीत पट्टी घराच्या भिंतीला.

मग सल्ले सुरू होतात. कोण म्हणतं रॉकेल लाव, कोण म्हणतं टूथपेस्ट चोळ, कोण थेट भांड्याची घासणीच हातात देतं. खरं सांगायचं तर पुष्कळदा धडकेपेक्षा या घासाघाशीनंच रंगाचं जास्त नुकसान होतं. म्हणून आधी डाग ओळखायचा, मग हात लावायचा.

रंगाचे थर किती?

आजकालच्या गाडीवर साधारण तीन थर असतात. खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चकाकी असते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. घासून काढायचं म्हणजे हाच थर थोडा झिजवायचा. एकदा गेला की तो परत येत नाही, हे ध्यानात ठेवा.

डाग वरचा की आतला?

भाग आधी स्वच्छ धुवा. मातीचे कण राहिले आणि त्यावरच फडकं फिरवलं तर नवे चरे पडतात. मग तीन गोष्टी बघा.

1. नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर डाग वरचा आहे. भिंतीचा चुना किंवा दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या रंगावर चिकटलेला असतो. बऱ्याचदा हाताला तो थोडा उंच लागतो.

2. पाणी टाका. ओलं असताना ओरखडा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत दिसला, तर तो बहुतेक क्लिअर कोटमध्येच आहे. पॉलिशनं निघू शकतो किंवा बराच फिका पडतो.

3. नख अडकतंय, किंवा आतून प्रायमर, काळं प्लास्टिक नाहीतर पत्रा दिसतोय, तर कितीही घासलं तरी उपयोग नाही. तिथं रंगच लावावा लागणार.

घरी काढायची पद्धत

गाडी सावलीत लावा. पत्रा गार होऊ द्या. उन्हात तापलेल्या रंगावर काहीही लावलं तरी ते लगेच वाळतं आणि नवा डाग पडतो.

सुरुवात नेहमी सौम्य गोष्टीनं. कार शॅम्पू आणि मायक्रोफायबरच्या फडक्यानं धुवा. नाही निघालं तर दुसऱ्या मऊ फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हातानं पुसा आणि लगेच पाण्यानं धुवा. डांबराचे ठिपके असतील तर डांबर काढायचं औषध मिळतं, ते वापरा. वरवरचे पुष्कळ डाग इथंच निघतात.

तरीही राहिलं तर बारीक रबिंग कंपाउंड. ॲक्सेसरीजच्या दुकानात छोटं पॅक काहीशे रुपयांत मिळतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं घ्या, ओलसर स्पंजवर लावा आणि तळहाताएवढ्या जागेतच चोळा. दहा-पंधरा वेळा फिरवलं की पुसून बघा. जोर नको. कडा आणि उंचवट्यावर रंग पातळ असतो, तिथं तर अगदीच जपून.

फडक्यावर गाडीचाच रंग यायला लागला तर तिथंच थांबा. क्लिअर कोट संपल्याची ती खूण आहे. जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर मात्र क्लिअर कोटच नसतो, तिथं थोडा रंग फडक्यावर येतोच.

कंपाउंड म्हणजे काय, तर घासणारी अगदी बारीक पूड. बऱ्याच कंपाउंडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे आपल्या कुरुंद दगडातलंच द्रव्य. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. म्हणूनच हात हलका पाहिजे. शेवटी पॉलिश आणि त्यावर वॅक्स लावलं की चकाकी परत येते.

आपल्या भागात अजून एक अडचण. बऱ्याच बोअरचं पाणी क्षाराचं. गाडी धुऊन तशीच वाळू दिली तर पांढरे ठिपके उरतात. धुतल्या धुतल्या कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

हे करू नका

• थिनर लावू नका. विशेषतः परत रंगवलेल्या भागावरचा रंग सुटतो.
• पेट्रोलनं पुसू नका. रंगाचं सोडा, आगीचा धोका आहे.
• रॉकेलनं डांबर निघतं, पण ते रबराला लागलं तर रबर फुगतं आणि मागं तेलकट थर राहतो.
• भांड्याची घासणी आणि साधा पॉलिश पेपर रंगाला लावू नका.
• रंग नसलेल्या काळ्या खरखरीत प्लास्टिकला कंपाउंड लावू नका. खाचांत पांढरं बसतं, मग ते काढता काढता नाकी नऊ येतात.

खोल ओरखडा : प्लास्टिक की पत्रा?

बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. तिथला खोल ओरखडा दिसायला वाईट, पण घाई नाही. दोन-चार महिन्यांनी सवडीनं रंगवला तरी चालतं.

दार, बॉनेट किंवा चाकावरचा पत्रा उघडा पडला तर मात्र थांबू नका. आपला नदीकाठ, पावसाळ्यात दमट हवा. उघड्या पत्र्याला लवकर गंज धरतो आणि तो रंगाच्या खालून पसरतो. गाडीचा रंगाचा कोड बहुधा बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. त्या कोडचा टच-अप रंग आणा, जागा स्पिरिटनं पुसा आणि पातळ थर देत, प्रत्येक थर वाळू देत लावा. रंग तंतोतंत जुळणार नाही, पण पत्रा वाचेल.

क्लेम करायचा का?

छोट्या ओरखड्यासाठी विम्याचा क्लेम करण्याआधी हिशेब घाला. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये आपल्या खिशातून जातात. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या नव्या भागावर 50 टक्के घसाराही कापतात. शिवाय नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी 20 टक्के आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे हजार-दोन हजाराच्या कामासाठी पुढच्या हप्त्यातली मोठी सवलत घालवायची, असा व्यवहार होतो.

गाडी विकतानाही हे आठवेल. जुनी गाडी घेणारा आधी रंग बघतो. परत रंगवलेलं दार दिसलं की “ठोकलीय का?” हा प्रश्न ठरलेला, आणि तिथून भाव खाली यायला लागतो. कंपनीचा मूळ रंग जेवढा टिकेल तेवढा टिकवलेला बरा. म्हणून डाग दिसला की आधी पाणी, मग नख आणि कंपाउंड सगळ्यात शेवटी.