बत्तीस की तेवीस?

पहिली-दुसरीतलं मूल ‘बत्तीस’ ऐकून २३ लिहितं, तेव्हा घरातले त्याला धांदरट म्हणतात. बहुतेक वेळा ते तसं नसतं. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, दशक नंतर. लिहिताना मात्र दशक डावीकडे, आधी. कानावर पडलं त्या क्रमाने मूल अंक मांडतं, एवढंच. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही ‘एक कमी’ सांगणारी नावं, आणि नव्व्याण्णवला तोही नियम गुंडाळलेला! कन्नड-तेलुगूत दशक आधी येतो, त्यामुळे तिथल्या मुलांपुढे हा पेच नसतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस दोन’ असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. विनोदही झाले. वास्तविक जुनं वाचन हद्दपार झालं नव्हतं, त्याच्या जोडीला हा पर्याय होता. सुरुवातीची पायरी म्हणून मला तरी तो योग्यच वाटतो.

घरी साहित्य फार लागत नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा, सुट्ट्या काड्या वेगळ्या ठेवा. तीन गठ्ठे आणि दोन काड्या मांडून मुलाला आधी म्हणायला, मग लिहायला सांगा. नंतर दोन गठ्ठे, तीन काड्या. ‘बत्तीसातल्या सात मला दे’ म्हटलं की त्याला एक गठ्ठा सोडावाच लागतो; हातच्याची वजाबाकी तिथेच सुरू होते. नाण्यांकडे मात्र लगेच वळू नका. दहाच्या नाण्यात दहा रुपये मोजता येत नाहीत, गठ्ठ्यातल्या काड्या येतात.