धार आणि पाणी

सुगी तोंडावर आली की माळ्यावरचे विळे-कोयते खाली येतात. ते बोथट दिसले, म्हणजे घरातले कोणीतरी ते बाजारच्या दिवशी चाकावर धार लावणाऱ्याकडे नेते. चाक फिरते, ठिणग्या उडतात आणि पाते चकचकीत होऊन हाती येते. पण पुष्कळांचा अनुभव असा असेल, की चार दिवसांत ती धार पुन्हा जाते. मग आपण म्हणतो, "लोखंडच खोटं निघालं." वस्तुतः पुष्कळदा लोखंड चांगले असते, पात्याचे पाणी उतरलेले असते.

हे पाणी म्हणजे काय? लोहार पाते लालभडक तापवून एकदम पाण्यात बुडवतो. पोलादात थोडा कार्बन असतो. त्यामुळे असे झटकन निवालेले पाते फार कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. या दुसऱ्या तापाची खूण रंगावरून कळते. सुमारे २२५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पोलादावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो; ३०० अंशांच्या आसपास निळा. चाकावर पातळ काठ क्षणात एवढा तापू शकतो. काठ निळा पडला, की समजावे, तेवढ्या भागाचे पाणी उतरले. तिथे धार येईल, पण टिकणार नाही. तेव्हा चाकावर धार लावायचीच असेल, तर पाते दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवायला सांगा.

त्यापेक्षा घरचा निसणा बरा. हाताने घासताना पाते फारसे तापत नाही. कुरुंदाचा दगड चांगला, कारण कठीणपणाच्या मापात हिरा १० तर कुरुंद ९. बाजारात कार्बोरंडमचा दगडही मिळतो. हा पदार्थ एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली अमेरिकेत भट्टीत तयार केला.

आता कोन. वहीचा कागद घ्या. त्याचा कोपरा ९० अंशांचा. त्याची एक घडी घातली की ४५, आणखी एक घातली की साडेबावीस. धार लावताना दगड पात्याला एवढाच तिरपा टेकवा. विळ्याची एक बाजू सपाट असेल, तर फक्त उतरती बाजू घासा. कोयत्याला मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच घासा. त्याला घाव घालायचे असतात, फार पातळ काठ तुटतो.

विळा वाकडा असतो, म्हणून विळा नव्हे, दगड फिरवा. विळा ओंडक्यावर घट्ट दाबून धरा. अरुंद दगड ओला करून मुठीकडून टोकाकडे न्या. बोटे काठाच्या रेषेत येऊ देऊ नका. थोड्या वेळाने मागच्या बाजूला पातळ, खरखरीत कड लागेल. ती लागली म्हणजे घासणे काठापर्यंत पोहोचले. मग दगड सपाट टेकवून दोन-तीन हलके हात मारा. कड निघून जाईल. धार अंगठ्यावर पाहू नका, वाळल्या काडीवर पाहा. शेवटी पाते पुसून तेलाचा हात फिरवा.

एक अपवाद. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्यासारखे दातेरी विळे असे घासू नका. दाते गेले की त्याचा गुणच गेला.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बोथट विळ्याला जोर जास्त लागतो. जोर लावला की हात सुटतो आणि जखम डाव्या हाताला होते. ती मातीत झालेली असते, म्हणून धनुर्वाताची सुई चुकवू नये. उसाचेही तसेच. बोथट कोयत्याने बुडखा चिरडतो, फाटतो, आणि खोडव्याचे फुटवे त्याच बुडख्यातून यायचे असतात.

शिक्षकांनी कागदाच्या घडीचा कोन वर्गात जरूर करवून घ्यावा. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, या सुगीला एक विळा चाकावर द्या, दुसरा घरी निसण्यावर लावा. दोन्हींच्या मुठींना खूण करा आणि कोणता किती दिवस चालतो, ते स्वतःच पाहा.