कान वाहतोय? आधी तपासा, मग गोळी!

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून एसटी पकडायची, भिगवण मागे पडलं की इंदापूर आलंच! शनिवारी शेतातल्या विहिरीत मस्त सूर. सोमवारी पुन्हा पुणं, एसी ऑफिस, कानात इअरफोन... आणि मंगळवारी उशीवर पिवळट डाग. लहानपणी फुटलेला कान पुन्हा वाहायला लागलेला असतो.

आई फोनवर म्हणते, 'लसणाचं कोमट तेल घाल.' शेजारच्या डेस्कवरचा दोस्त ड्रॉवरमधल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतो. तीन दिवसांत कान कोरडा, गोळ्या बंद, टेन्शन खल्लास! महिन्याभरात कान पुन्हा सुरू.

असं का? पडद्याला भोक असलं की पाणी थेट मधल्या कानात जातं. जुनाट वाहत्या कानात बहुतेक वेळा दोन जंतू सापडतात : स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ओल मिळाली की स्यूडोमोनासची चैनच. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळीला तर तो मुळातच दाद देत नाही. त्यात हे जंतू स्वतःभोवती चिकट थर विणतात, औषध आत शिरत नाही. मनाने घेतलेल्या अर्धवट गोळ्यांनी लेचेपेचे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने हा इशारा 1945 मध्येच, नोबेलच्या भाषणात दिला होता!

प्रश्न फक्त वासाचा आणि रुमालाचा नाही, बॉस. ऐकू येणं हळूहळू कमी होतं. मीटिंगमध्ये 'काय म्हणालात?' वाढलं, की समजा. क्वचित संसर्ग हाडात, मेंदूपर्यंतही जातो.

मग करायचं काय?

• कान दोन आठवड्यांहून जास्त वाहिला, तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. आधी कान साफ, मग औषध.

• औषधाने फरक पडत नसेल, तर 'स्राव कल्चरला पाठवायचा का?' असं स्वतःहून विचारा. कुठलं औषध लागू पडेल, ते दोन-तीन दिवसांत कळतं.

• थेंब सांगितलेत तितके दिवस घालाच. ते थेट जागेवर पोचतात, त्यामुळे अनेकदा गोळीपेक्षा भारी ठरतात. पण दुसऱ्याचे थेंब नकोत, काही थेंब फाटक्या पडद्यातून आतल्या कानाला इजा करतात.

• तेल नको, काडी नको. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा.

• पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय गोळी नाही.

आणि विहीर? पडदा शिवून होईपर्यंत काठावर बसूनच मजा!